सहनही होत नाही, सांगताही येत नाही

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दवाखान्यात नेहमी येणाऱ्या एक बाई बऱ्याच महिन्यांनी आल्या. वय चोपन्न, तीन मुलांची आई, रक्तदाबाच्या जुन्या रुग्ण. पट्टा बांधून रक्तदाब पाहिला तर १८०/११०. "गोळ्या घेता ना?" असे विचारताच त्यांनी मान खाली घातली. मग मी नेहमीचे व्याख्यान दिले. गोळ्या चुकवल्या तर अर्धांगवायू होईल, मूत्रपिंडे निकामी होतील, वगैरे वगैरे. बाईंनी सगळे मुकाट्याने ऐकून घेतले. चिठ्ठी घेऊन दारापर्यंत गेल्या, बाहेर जवळपास कोणी नाही असे पाहून परत आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, रागावू नका. ती गोळी घेतली की मला लघवी धरवत नाही. पातळ खराब होतं. म्हणून मी ती घेतच नाही."

मग एकेक करून सारे बाहेर आले. त्रास पाच वर्षांचा होता. आधी खोकला किंवा शिंक आली की थेंब-दोन थेंब सुटत. पुढे तर लघवीची भावना झाली की संडासाच्या दारापर्यंत पोहोचेतो धीर निघेना. बाईंनी भजनी मंडळ सोडले, कारण दोन तास एका जागी बसवत नसे. मुलीचे सासर एसटीने तीन तासांवर. नातीच्या बारशाला "गुडघे दुखतात" असे सांगून गेल्या नाहीत. मुलगी रुसली ती रुसलीच. फिक्या रंगाची पातळे कपाटात पडून राहिली. बाहेर जायचे असेल त्या दिवशी सकाळपासून पाण्याचा घोट घ्यायचा नाही आणि पिशवीत जुन्या पातळाच्या घड्या ठेवायच्या, हा नेमच झाला. घरात यातले कोणालाच काही माहीत नव्हते.

त्या दिवशी मला बाईंचा राग आला नाही, स्वतःचाच आला. त्या पाच वर्षांत त्या माझ्याकडे पंधरा-वीस वेळा तरी आल्या असतील. मी रक्तदाब मोजला, साखर तपासली, छातीचे ठोके ऐकले. पण "लघवीची काही तक्रार आहे का?" एवढा साधा प्रश्न मी एकदाही विचारला नाही. त्यांनी लाजेने सांगितले नाही आणि मी संकोचाने विचारले नाही. दोघांच्या गप्प बसण्याची किंमत त्यांच्या रक्तदाबाने मोजली.

त्या दिवसापासून चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीला मी हा प्रश्न विचारू लागलो. "हो" म्हणणाऱ्या इतक्या निघाल्या, की इतकी वर्षे आपण काय पाहत होतो असे मला वाटले. जगभर झालेल्या पाहण्या सांगतात की प्रौढ स्त्रियांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याला किंवा त्याहून अधिक जणींना कमी-जास्त प्रमाणात हा त्रास होतो. म्हणजे तुमच्या आळीत, तुमच्या भिशीत, कदाचित तुमच्या घरातही अशी कोणीतरी आहे. म्हणून आज या विषयावर मोकळेपणाने लिहितो आहे.

लघवी धरली कशी जाते?

मूत्रपिंडात तयार झालेली लघवी ओटीपोटातील मूत्राशय नावाच्या स्नायूंच्या पिशवीत साठते. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. निम्म्याच्या आसपास भरले की पहिली सूचना मेंदूकडे जाते. मेंदू म्हणतो, "थांब, आत्ता नको." निरोगी माणसाला त्यानंतरही बराच वेळ आरामात थांबता येते. दिवसा सहा-सात वेळा आणि रात्री फार तर एकदा लघवीला जावे लागणे हे सर्वसाधारण समजावे.

मूत्राशयाच्या तोंडाशी एक झडप असते. तिच्या खाली पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणून बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय हे तिन्ही अवयव या झोळीवर विसावलेले असतात. खोकताना, हसताना, हंडा उचलताना पोटातला दाब वाढतो. तेव्हा ही झोळी घट्ट होते आणि मूत्रमार्गाचे तोंड आवळून धरते. बटव्याची नाडी ओढली की तोंड मिटते, तसेच हे आहे. नाडी सैल पडली तर बटव्यातले पैसे सांडणारच.

सगळ्यांचा त्रास एकसारखा नसतो

उपचार बरोबर व्हावेत म्हणून आपला त्रास कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखले पाहिजे.

पहिला प्रकार दाबाचा. खोकला, शिंक, मोठ्याने हसणे, वजन उचलणे, जिना चढणे, अशा वेळी थोडी लघवी सुटते. याचे कारण सैल पडलेली झोळी. पस्तिशी-चाळिशीच्या, दोन-तीन बाळंतपणे झालेल्या बायकांमध्ये हा प्रकार विशेष दिसतो.

दुसरा प्रकार घाईचा. लघवीची भावना एकदम, जोरात येते आणि जागेवर पोहोचण्याआधीच कपडे ओले होतात. नळाचा आवाज ऐकला, भांडी घासताना गार पाणी हाताला लागले, बाहेरून येऊन दाराचे कुलूप उघडू लागले, की लगेच घाई होते. यात मूत्राशयाची पिशवी नको तेव्हा आकुंचन पावते. रात्रीही तीन-चार वेळा उठावे लागते.

तिसरा प्रकार या दोन्हींचा मिळून झालेला. वर सांगितलेल्या बाईंचा त्रास याच प्रकारचा होता.

चौथा प्रकार उतू जाण्याचा. मूत्राशय पूर्ण रिकामेच होत नाही आणि भरलेल्या भांड्यातून सांडावे तशी लघवी थोडी थोडी गळत राहते. बरीच वर्षे मधुमेह असलेल्या स्त्रियांमध्ये नसा कमकुवत झाल्याने असे होऊ शकते.

पाचवा प्रकार वेगळा आणि गंभीर. रात्रंदिवस, झोपेतही, सतत लघवी गळत राहते. फार वेळ अडलेले बाळंतपण किंवा ओटीपोटाची शस्त्रक्रिया यानंतर मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये छिद्र पडल्याने असे होते. याला व्यायाम किंवा गोळ्या पुरेशा नाहीत. बहुतेक वेळा शस्त्रक्रियाच लागते आणि ती केल्यावर बहुतेक स्त्रिया बऱ्या होतात. अशा स्त्रीला घराबाहेरच्या खोलीत ठेवण्याऐवजी मोठ्या रुग्णालयात न्यावे.

बायकांनाच जास्त का?

पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारे २० सेंटीमीटर लांब असतो, स्त्रीचा जेमतेम ४ सेंटीमीटर. निसर्गानेच वाट आखूड ठेवली आहे. त्यात बाळंतपणाच्या वेळी बाळाचे डोके याच झोळीतून वाट काढते. स्नायू ताणले जातात, काही वेळा फाटतात. बाळंतिणीला डिंकाचे लाडू आणि शेक-शेगडी मिळते, पण या स्नायूंना पुन्हा बळकट करायचे असते हे तिला कोणी सांगत नाही. पाळी कायमची बंद झाल्यावर स्त्री-संप्रेरक कमी होते आणि मूत्रमार्गाचे अस्तर पातळ व कोरडे होते. तेव्हा आधीचा थोडा त्रास बळावतो.

याशिवाय वाढलेले वजन, जुना बद्धकोष्ठ, चुलीच्या धुराने किंवा दम्याने जडलेला खोकला, डोक्या-कमरेवर वाहिलेले जड ओझे, मधुमेह, लघवीचा जंतुसंसर्ग, अंग बाहेर येणे, या सगळ्यांनी भर पडते. काही औषधांमुळेही त्रास वाढतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारे औषध असते. काही गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो आणि त्या खोकल्याने लघवी सुटते. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळेही लघवीला जास्त होते. या गोळ्या वाईट आहेत असे मुळीच नाही. मात्र त्रास होत असेल तर गोळी मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे. गोळी बदलता येते, वेळ बदलता येते.

येथे आणखी एका गोष्टीचा उल्लेख करणे भाग आहे. लघवीच्या किंवा अंगावर पांढरे जाण्याच्या तक्रारीवर "पिशवी काढून टाका" असा सल्ला आपल्याकडे फार सहज दिला आणि घेतला जातो. २०१९ साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी आली. पाहिलेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. गर्भाशय काढण्याची खरी गरज काही आजारांत असते, तेव्हा ते काढावेच लागते. पण नुसती लघवी सुटते म्हणून गर्भाशय काढणे हा उपाय नव्हे. उलट २००७ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील एका मोठ्या अभ्यासात असे दिसले, की गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना पुढे दाबाच्या प्रकारासाठी शस्त्रक्रिया करून घेण्याची पाळी इतरांच्या दुपटीहून अधिक वेळा आली. तेव्हा असा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

आयुष्य कसे आक्रसते

या आजाराने सहसा कोणी मरत नाही. म्हणूनच त्याकडे कोणी लक्ष देत नाही. पण जगण्यातली गोडी तो हळूहळू काढून घेतो.

पहिला घाव बाहेर जाण्यावर. लग्न, यात्रा, एसटीचा प्रवास, पाहुण्यांकडचा मुक्काम, सगळे टळू लागते. कुठेही गेले तरी आधी संडास कुठे आहे ते शोधायचे. आपल्या बाजारपेठांत आणि बसस्थानकांवर स्त्रियांसाठी स्वच्छ, दाराला कडी असलेली स्वच्छतागृहे किती आहेत हे मी सांगायला नको. मुंबईसारख्या शहरातही यासाठी स्त्रियांना २०११ पासून चळवळ चालवावी लागली. मग खेड्यापाड्यांतून बाजाराला येणाऱ्या बाईने काय करावे?

दुसरा घाव शरीरावर. लघवी होऊ नये म्हणून पाणी कमी प्यायचे. त्याने लघवी दाट होते, जळजळ होते, जंतुसंसर्ग होतो, मलावरोध होतो आणि मूळ त्रास आणखी वाढतो. सतत ओल्या कपड्याने जांघेत कातडी सोलवटते. रात्री घाईने उठताना अंधारात पाय घसरतो. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडण्यामागे पुष्कळदा हीच रात्रीची धावपळ असते.

तिसरा घाव मनावर. आपल्याला वास येत असेल या भीतीने बाई चारचौघींत मागे बसू लागते. देवळात जावे की नाही, पूजेला बसावे की नाही, याची टोचणी लागते. काही जणी नवऱ्याजवळ जाणे टाळतात आणि कारण सांगू शकत नाहीत, मग घरात विनाकारण गैरसमज वाढतो. एका शाळेतील बाईंनी मला सांगितले, "वर्गात शिंक आली की मी खुर्चीवर बसून घेते. मुलींना वाटतं, बाई दमल्या." त्यांचे वय होते एकोणचाळीस. तेव्हा हा केवळ म्हातारपणाचा आजार आहे असे समजू नये.

आधी काय करावे?

तीन दिवस वहीत टिपण ठेवा. किती वाजता किती पाणी, चहा घेतला, किती वाजता लघवीला गेला, केव्हा सुटली आणि त्या वेळी काय करत होता, एवढेच लिहायचे. लिहिता येत नसेल तर घरातल्या मुलीकडून लिहून घ्या. ही वही डॉक्टरांना दाखवली तर अर्धे निदान तेथेच होते. मग लघवीची तपासणी, रक्तातील साखर, अंग बाहेर येते का याची तपासणी आणि गरज वाटल्यास लघवी झाल्यावर मूत्राशयात किती शिल्लक राहते हे पाहण्यासाठी सोनोग्राफी. सुरुवातीला एवढे पुरते.

बिनपैशाचे औषध

दाबाच्या प्रकारावर पहिला उपाय ओटीपोटाच्या झोळीचा व्यायाम हा आहे. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नॉल्ड केगेल यांनी १९४८ साली तो वैद्यकात रूढ केला. आपल्या योगशास्त्रातील मूलबंध आणि अश्विनी मुद्रा या क्रियांशी त्याचे बरेच साम्य आहे. २०१८ साली अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात दाबाच्या प्रकाराच्या ज्या स्त्रियांनी हा व्यायाम केला त्यांच्यापैकी ५६ टक्के जणींनी आपण बऱ्या झालो असे सांगितले. व्यायाम न करणाऱ्यांत हेच प्रमाण ६ टक्के होते.

व्यायाम असा करावा. चारचौघांत वायू सरतो की काय असे वाटल्यावर आपण जे स्नायू आत आवळतो, तेच हे स्नायू. लघवीची धार मध्येच थांबवतानाही तेच वापरले जातात. पण ओळख पटवण्यासाठी एखाद्या वेळी धार थांबवून पाहणे वेगळे आणि रोज तसा व्यायाम करणे वेगळे. रोज धार अडवू नये, त्याने मूत्राशय नीट रिकामे होत नाही.

सुरुवातीला गुडघे दुमडून उताणे झोपावे. पोट, मांड्या आणि ढुंगण सैल ठेवावे. आता ते स्नायू आत आणि वर ओढून घ्यावेत. मनात पाच आकडे मोजावेत. मग तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावेत. श्वास रोखू नये. असे आठ ते दहा वेळा केले की एक खेप झाली. दिवसातून तीन खेपा कराव्यात. जमू लागले की दहा आकड्यांपर्यंत वाढवावे आणि मग बसून, उभे राहून करावे. डाळ-तांदूळ निवडताना, दूरदर्शनवरची मालिका पाहताना, एसटीची वाट पाहताना, कधीही करता येते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

आणखी एक युक्ती आहे. खोकला किंवा शिंक येणार असे वाटताच, हंडा उचलण्याआधी, क्षणभर आधीच हे स्नायू आवळून घ्यावेत. सवय झाली की आपोआप होते.

मात्र आठ दिवसांत गुण येत नाही म्हणून सोडून देऊ नये. निदान तीन महिने रोज केल्याशिवाय काही ठरवू नये. नीट जमते की नाही अशी शंका असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट यांच्याकडून एकदा खात्री करून घ्यावी. बऱ्याच जणी आत ओढण्याऐवजी खाली जोर करतात, त्याने नुकसानच होते. बाळंत झालेल्या सुनांना आणि लेकींनाही हा व्यायाम अवश्य शिकवावा.

घाईच्या प्रकारासाठी

येथे मूत्राशयाला शिस्त लावायची असते. समजा, दर तासाला जावे लागते. तर पहिल्या आठवड्यात सव्वा तासाने जायचे, मग दीड तासाने, असे करत अडीच-तीन तासांपर्यंत यायचे. मध्येच घाई झाली तर धावू नये. धावले की नक्की सुटते. आहे तेथे बसावे किंवा स्थिर उभे राहावे, तेच स्नायू पाच-सहा वेळा भराभर आवळावेत, मन दुसरीकडे वळवावे. घाईची लाट ओसरली की सावकाश चालत जावे. याला निदान सहा आठवडे द्यावेत. "बाहेर जायचंय, म्हणून आधीच जाऊन येते" ही दर अर्ध्या तासाची सवयही मोडावी. तिच्यामुळे मूत्राशय थोड्याशा लघवीलाही भरल्यासारखे वाटू लागते.

दिवसभरात सहा ते आठ पेले पाणी प्यावेच. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांनी सांगितले तेवढेच प्यावे. चहा-कॉफी दोन कपांवर आणावी. रात्री झोपण्याआधीच्या दोन-तीन तासांत पाणी कमी घ्यावे. भाजीपाला, फळे खाऊन पोट साफ ठेवावे. मिश्री आणि तंबाखू सोडावी. वजन जास्त असेल तर उतरवावे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत लठ्ठ स्त्रियांचे वजन सहा महिन्यांत सरासरी ८ टक्के उतरले, तेव्हा लघवी सुटण्याचे प्रसंग जवळजवळ निम्म्याने कमी झाले. ७५ किलोच्या बाईने सहा किलो उतरवणे अशक्य नाही.

औषधे आणि शस्त्रक्रिया

एवढ्याने न भागल्यास पुढे उपाय आहेत. घाईच्या प्रकारावर मूत्राशय शांत करणाऱ्या गोळ्या मिळतात. त्यांतील काहींनी तोंडाला कोरड पडते, बद्धकोष्ठ होतो, वृद्धांमध्ये विसराळूपणा वाढू शकतो आणि काही प्रकारच्या काचबिंदूत त्या चालत नाहीत. म्हणून दुकानातून परस्पर आणून घेऊ नयेत. पाळी गेलेल्या स्त्रियांना योनिमार्गात लावायच्या संप्रेरकाच्या मलमाचा काही वेळा चांगला उपयोग होतो. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. अंग बाहेर येत असेल आणि शस्त्रक्रिया नको असेल तर आत बसवायची कडी मिळते.

दाबाचा प्रकार व्यायामाने आटोक्यात येत नसेल तर मूत्रमार्गाला आधार देणारी शस्त्रक्रिया करता येते. त्यासाठी कृत्रिम जाळीची पट्टी वापरतात किंवा स्वतःच्याच शरीरातील ऊतीची. जाळीमुळे काही स्त्रियांना नंतर दीर्घकाळ दुखणे मागे लागले आणि इंग्लंडमध्ये २०१८ साली तिचा वापर थांबवण्यात आला. म्हणून कोणती पट्टी, किती धोका, दुसरा पर्याय काय, हे प्रश्न तज्ज्ञांना मोकळेपणाने विचारावेत. बाळंतपणे पूर्ण झाल्यावरच शस्त्रक्रियेचा विचार करणे बरे.

ताबडतोब दवाखाना गाठा, जर

लघवीतून रक्त जात असेल, मग ते एकदाच का असेना. थंडी-ताप आणि जळजळ असेल. पोट फुगले आहे पण लघवी होत नाही असे असेल. पाठीत कळ येऊन पाय बधिर किंवा लुळे पडत असतील आणि लघवी-शौचावरचा ताबा एकाएकी गेला असेल. बाळंतपण किंवा शस्त्रक्रिया यानंतर सतत लघवी गळू लागली असेल. यांपैकी काहीही असेल तर व्यायामात वेळ घालवू नये.

घरच्यांना दोन शब्द

आई प्रवास टाळते, सासूबाई लग्नाला यायला नको म्हणतात, बायको चारचौघींत मिसळत नाही, याला स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. हळूच, एकांतात विचारा. ते काम मुलीने किंवा सुनेने केले तर फार सोपे जाते. अंथरूण ओले झाले म्हणून म्हातारीवर ओरडू नका. तिला ते कळत असते आणि तुमच्याआधी तिनेच स्वतःला बोल लावलेले असतात. संडासाच्या वाटेवर रात्रभर दिवा ठेवा, वाटेतल्या वस्तू बाजूला करा, धरायला एक दांडी बसवा. प्रवासात गाडी दर दोन तासांनी थांबवा आणि "आता कशाला?" असे विचारू नका. ओले कपडे लगेच बदलावेत, कापडाच्या घड्या साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात. घडी असो की पॅड, ओले अंगाला राहता कामा नये.

आता त्या बाईंविषयी. लघवी वाढवणारी गोळी बदलून मी दुसरी दिली. लघवीत जंतुसंसर्ग होता, त्यावर उपचार केले. व्यायाम आमच्या गावच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी समजावून दिला. पहिल्या महिन्यात काही फरक नाही म्हणून त्या वैतागल्या होत्या. तिसऱ्या महिन्यात म्हणाल्या, "डॉक्टर, आता घरात घडी लागत नाही." त्रास पूर्ण गेला असे मी म्हणणार नाही. जोराचा खोकला आला तर अजूनही कधीतरी थेंब सुटतो. पण रक्तदाब आटोक्यात आहे, गोळी रोज घेतात आणि भजनाला पुन्हा जाऊ लागल्या आहेत. गेल्या वर्षी नातीच्या वाढदिवसाला एसटीने गेल्या. मुलीला खरे कारण सांगितले तेव्हा दोघीही रडल्या, असे त्यांनी मला सांगितले.

भगिनींनो, डोके दुखते, दात दुखतो हे आपण सांगतो ना? मग हेही एक दुखणेच आहे. तुमच्या हातून काही चूक झालेली नाही. पुढच्या वेळी कोणत्याही कारणाने दवाखान्यात गेलात तर निघण्याआधी एवढेच वाक्य म्हणा, "डॉक्टर, मला लघवी धरवत नाही." पुढचे विचारणे आणि उपाय शोधणे हे आमचे काम. आणि डॉक्टर पुरुष आहेत म्हणून बोलवत नसेल, तर हा कागद कापून त्यांच्या पुढ्यात ठेवा. ते समजतील.